एक पान मोकळं

आमच्या घरात धंदे दोन, पण माल एकच, कातडं. पुढच्या खोलीत मी सोफे, खुर्च्या आणि गाड्यांच्या सीटा शिवतो. मागच्या खोलीत बायको माणसांच्या अंगावर चित्रं काढते. माझ्या हातात दाभण, तिच्या हातात टॅटूचं मशीन. माझं गिऱ्हाईक ओरडत नाही, तिचं ओरडतं, कण्हतं, घाम गाळतं, आणि तरीही जाताना 'थँक्यू मावशी' म्हणून हसत जातं. मला आजवर कोणी थँक्यू म्हणालेलं नाही. 'काका, स्प्रिंग टोचते हो' एवढंच माझ्या वाट्याला येतं.

तिच्याबद्दल सांगतोय हे तिला कळलं तेव्हा म्हणाली, "सांगा, पण मीठमसाला लावू नका." मी म्हटलं, तुझ्या गोष्टीला वेगळा मसाला कशाला लागतोय.

अंगानं काटकुळी, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आणि बसणं हा प्रकारच तिला माहीत नाही. जेवतानासुद्धा दोन घासांत एकदा उठते. खिडकी बघते, नळ घट्ट करते, परत येते. हाताला काम नसलं की माझी हत्यारं 'नीट लावून' ठेवते, आणि मग पुढचे कितीतरी दिवस मला माझीच हातोडी सापडत नाही. फक्त हातात मशीन घेतलं की ती बसते. मग मात्र छत कोसळलं तरी तिचा हात हलायचा नाही.

लग्नाआधी ती पत्र्याच्या ट्रंकांच्या कारखान्यात होती. आमच्या गल्लीच्या टोकाला छावणी आहे, तिथल्या शिपायांच्या काळ्या ट्रंका तिकडेच बनत. त्यांच्यावर पांढऱ्या रंगानं नाव आणि नंबर घालायचं काम हिचं. नावाभोवती चौकट काढा, असं मुकादमानं सांगितलेलं. हिला चौकट रुचेना. हिनं वेल काढली, नावाला वळसे घालत जाणारी, बारीक बारीक पानांची. मुकादमानं आकाशपाताळ एक केलं, पण शिपाई खूश झाले. त्यातल्याच एकानं शर्टाची बाही वर करून विचारलं, हीच वेल इथे काढून देता का? तिथून हिचं डोकं फिरलं. छावणीच्या फाटकाशी एक म्हातारा टॅटूवाला बसायचा, त्याच्याकडे जाऊन ती शिकली. आधी बटाट्यांवर, मग चामड्याच्या तुकड्यांवर, आणि शेवटी म्हाताऱ्याच्याच पोटरीवर. चामड्याचे तुकडे मागायला ती ज्या दुकानात येत असे ते दुकान माझं. बाकीचं तुम्ही समजून घ्या.

शिपाई लोकांना फुलं नको असतात. त्यांना हवा असतो खंजीर, तलवार, कवटी, रायफल. हिनं नाही कधी म्हटलं नाही. रायफल काढताना ती त्यांच्याकडून एकेक भाग नीट समजून घ्यायची, कारण जरा चूक झाली की पोरं हसायची, "मावशी, गोळी काय मागून सुटते का?" पण बंदूक काढून झाली की तिच्यातली ट्रंकवाली पोरगी जागी व्हायची. नळीभोवती वेल चढायची. दस्त्यावर पानं, घोड्याशी एखादी कळी. मी बघायचो आणि म्हणायचो, "अगं, ती बंदूक आहे की बागेतली कमान?" ती म्हणायची, "मला वाईट काढता येत नाही. काय करू?"

खरंच येत नव्हतं. किराणा आणायचा तरी कागदावर 'साबण' लिहून त्याच्या शेजारी एक पान काढायची.

आता त्या मोकळ्या पानाची गोष्ट. एका दुपारी एक शिपाई आला, सदा घाईत असलेला. आम्ही त्याचं नाव घाईवाला ठेवलं होतं. खंजीर झाला, वेल झाली, पानं भरणं चालू होतं आणि छावणीचा भोंगा वाजला. तो ताडकन उठला, बाही खाली ओढली आणि 'येतो मावशी' म्हणत पळाला. मी सोफ्याला खिळे ठोकत होतो, माझ्या डब्याला लाथ मारून गेला. त्याच्या दंडावर एका पानाची नुसती बाह्यरेषा राहिली, आत रंग नाही. सरहद्दीवर तेव्हा चकमकी चालू होत्या. कितीतरी महिन्यांनी एक लंगडणारा माणूस दुकानाच्या दारात उभा राहिला. बॅग खांद्यावर तशीच, म्हणजे अजून घरीही गेला नव्हता. मला ओलांडून थेट मागच्या खोलीत गेला, दंड पुढे केला आणि म्हणाला, "मावशी, एक पान राहिलंय."

म्हणे एका खड्ड्यात तो सबंध दिवस पडून होता, आणि देवाचं नाव आठवेना, आईचा चेहरा आठवेना, पण पान राहिलंय हे मात्र डोक्यातून जाईना. ही म्हणाली, "बस." बाटलीतून हिरवी शाई घेतली आणि पान भरलं.

त्यानं बराकीत काय सांगितलं कोण जाणे, पण त्यानंतर जो येईल तो एक पान मोकळं ठेवायला सांगू लागला. मी चिडवायचो, "गिऱ्हाईक परत आणायची युक्ती बरी आहे." ती म्हणायची, "तुम्हाला युक्तीची गरज काय? तुमच्या स्प्रिंगा गिऱ्हाइकाला आपोआप परत आणतात." पानात काही नसतं, हे तीच सगळ्यात आधी सांगायची. पण सोडायची. एखाद्याला तेवढ्यानं धीर येत असेल तर आपलं काय जातं, म्हणायची.

ह्या सगळ्यात आमची लेक मोठी झाली. एकुलती एक. घरात तिला भिंगरी म्हणतात, कारण आईची अस्वस्थता तिच्यात दुप्पट उतरली आहे. फरक असा की आई हातातलं काम संपवूनच उठते आणि लेकीनं आजवर एकही काम संपवलेलं नाही. अर्धा पेला दूध. विणलेला एकच मोजा. सायकलला अर्ध्यापर्यंत लावलेला निळा रंग, पुढचा भाग अजून गंजका. नर्सिंगचा कोर्स, तोही मध्येच सोडलेला. माझ्या हाताखाली कामाला बसवली, तर उशीच्या तीन बाजू शिवून चौथी तशीच टाकून जायची, आणि फोम जीभ बाहेर काढून माझ्याकडे बघत बसायचा. मी ओरडायचो, "आयुष्यात एक काम तरी पुरं करशील का?" ती दारातूनच म्हणायची, "करते ना नंतर!" ह्या 'नंतर'नं माझं डोकं जेवढं उठवलं आहे तेवढं कुठल्याही गिऱ्हाइकानं उठवलेलं नाही.

लहानपणी शाळेतून आली की ती आईच्या खोलीत स्टुलावर बसून असायची. शिपाई तिच्याशी गप्पा मारायचे, तिला ट्रकचे गिअर कसे पडतात ते सांगायचे. त्यांच्या दंडांवरच्या वेली वाढताना बघत ती वाढली. आम्हाला त्यात वावगं काही दिसलं नाही.

मग लढाई खरीच सुरू झाली. गल्लीतून ट्रक जायला लागले, ते थांबेचनात. भिंतीवरचं कॅलेंडर सतत थरथरायचं. न्हाव्याच्या दुकानात रांग, पावाच्या दुकानात रांग, आणि आमच्याकडे तर दारापासून नाक्यापर्यंत. माझं शिवणकाम बंद पडलं, कारण दुरुस्तीला आलेल्या सगळ्या सोफ्यांवर आपली पाळी यायची वाट बघणारे पोरगे बसलेले असत. पोरगेच ते. कुणाला नीट मिसरूड नाही. "मावशी, रायफल. आणि ते पान सोडा हं." हिचा हात दिवसभर चालायचा. जेवणाच्या वेळी बोटं सरळ होत नसत, मी तेल लावून चोळून द्यायचो.

काही परतले. पान भरून घ्यायला आले आणि येताना बातम्याही घेऊन आले. तो उंच होता ना, गालावर तीळ असलेला, तो नाही आला मावशी. तो शीळ घालायचा, तोही नाही. ही ऐकून घ्यायची आणि समोरच्याचं पान भरायची. तो गेला की माझ्याकडे यायची, कातरणांच्या ढिगातून चामड्याचा एखादा फिकट तुकडा उचलायची आणि आत जायची. थोड्या वेळानं मशीनचा आवाज यायचा. न आलेल्याच्या दंडावर जे काढलं होतं तेच ती त्या तुकड्यावर काढायची. काढलेलं प्रत्येक चित्र तिच्या हाताला पाठ असतं. तीच रायफल, तीच वेल, आणि ते एक पान मोकळं. मग तुकडा भिंतीला टांगायची. मी विचारलं, "हे कशासाठी?" म्हणाली, "हाताला चैन नाही म्हणून." हळूहळू मागच्या खोलीची एक भिंत भरली, मग दुसरी.

चित्रशाळेतल्या एक मॅडम आरामखुर्ची घेऊन आल्या होत्या, त्यांनी ती भिंत पाहिली. पुढे त्यांनीच वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं. खिळे मी ठोकले. दाराशी मोठा फलक लावला होता, 'शस्त्र आणि सौंदर्य'. शहरातली माणसं आली, चष्मे वर करून बघू लागली. किती नाजूक रेषा आहे, कातड्यावर बंदूक फुलावी तशी फुललीय, वगैरे. ही एका कोपऱ्यात उभी राहून पुन्हा पुन्हा तळवे कपड्यांना पुसत होती. माझी छाती मात्र फुगली होती, उगाच कशाला खोटं सांगू.

तेवढ्यात करड्या कोटातल्या एक बाई एका चित्रापुढे येऊन थांबल्या. बराच वेळ हलेचनात. मग हिला शोधत आल्या.

"ते तुम्ही काढलंय?"

"हो."

"माझ्या मुलाच्या दंडावर होतं."

हिनं मान खाली घातली. बाईंचा आवाज जराही चढला नव्हता.

"फार सुंदर आहे. तो शाळेत होता तेव्हा कुणाच्या तरी दंडावर असंच बघून आला. दिवसभर तेच काढत बसायचा. मला म्हणाला, आई बघ ना, बंदूक किती छान दिसते." त्या थांबल्या. "मी बंदूक जवळून पाहिलीय. माझा नवरा फौजेत होता. जड असते, घाणेरडी असते, तेलाचा वास सुटतो तिला. ती तशीच माझ्या दारात आली असती तर मी हाकलली असती. पण ती फुलं माळून आली."

माझं रक्त उसळलं. मी मध्ये तोंड घातलं, "अहो बाई, हिनं कुणाला लढाईवर पाठवलेलं नाही." हिनं माझं मनगट असं दाबलं की मला कळ आली.

"गप्प बसा," ती म्हणाली. "खरं बोलताहेत त्या."

तिनं जाऊन ते चित्र खाली काढलं आणि बाईंच्या हातात दिलं. बाईंनी चित्राची बाजू छातीकडे वळवून ते धरलं आणि निघून गेल्या. मागे वळून बघितलंही नाही.

घरी आल्यावर हिनं गिऱ्हाइकांना दाखवायचे हत्यारांचे सगळे नमुने भिंतीवरून उतरवले, न आलेल्यांचे तुकडे तेवढे पुन्हा टांगले. यापुढे पक्षी, फुलं, नावं, जे हवं ते, पण हत्यार नाही. पोरं हिरमुसली, भांडली, दुसरीकडे जायला लागली. ही ढिम्म. पण मनातून ती पार ढवळून निघाली होती. ह्या खोलीतून त्या खोलीत जायची, कशासाठी आली ते विसरायची, परत जायची. मला म्हणायची, "मी किती पोरांना नटवून पाठवलं हो." मी समजूत घालायला जायचो आणि काहीतरी भलतंच बोलून बसायचो.

अशातच एका सकाळी चहा पिता पिता भिंगरीनं सांगितलं की तिचं फौजेत नक्की झालंय. ट्रक चालवायला. सामान पुढे पोचवायचं आणि जखमींना मागे आणायचं. बंदूकही मिळणार, शिकवणार.

माझ्या हातातला कप खाली ठेवता येईना, तोंडाला लावता येईना. ही उठून नळाशी गेली आणि स्वच्छ असलेलं भांडं घासायला लागली.

"आई," भिंगरी म्हणाली, "जायच्या आधी मला दंडावर काढून दे. तुझी ती बंदूक, वेल, आणि एक पान सोड."

"मी बंदुका काढत नाही."

"सगळ्या जगाला काढून दिल्यास. मला नाही?"

"तुला तर मुळीच नाही." भांड्याचा आवाज वाढला. "माझ्याच भिंतीवर बघत मोठी झालीस तू. त्या बाई बोलल्या तेव्हा मला कळायला हवं होतं."

"मी बंदुका बघून नाही चालले."

"मग काय बघून चाललीस?"

"ह्या खोलीत येणारी माणसं बघून. अर्ध्याहून जास्त परत आलीच नाहीत. कुणी तरी त्यांना आणायला नको?"

मला वाटतं हिनं ते ऐकलंच नाही. कानात त्या करड्या कोटवाल्या बाईच भरलेल्या होत्या. भिंगरीनं दोन-तीनदा मागितलं, हिनं तेवढ्या वेळा नाही म्हटलं. पोरगी कोऱ्या दंडानं गेली. जाताना अर्धा कप चहा तसाच ठेवून गेली, आणि हिनं तो कप संध्याकाळपर्यंत उचलू दिला नाही.

त्यानंतर आमच्या घरात कोणी स्वस्थ बसलेलं मला आठवत नाही. जीव नुसता टांगणीला. रेडिओ लावायचा, बातमी सुरू झाली की बंद करायचा, पुन्हा लावायचा. दारात सायकल थांबली की दोघंही उठायचो. फोन यायचा तो पण अर्धाच. "बरी आहे. जेवते. बाकी नंतर." खट्. तिचं फोनवरचं बोलणंसुद्धा तीन बाजू शिवलेल्या उशीसारखं.

एके दिवशी ही माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "सगळ्यांच्या लेकरांना पान सोडलं आणि माझीच पोरगी मोकळी पाठवली."

"पानात काही नसतं, हे तूच सांगायचीस ना?"

"नसतंच."

"मग झालं तर."

"मग झालं तर काय? काही झालं नाही," ती माझ्यावर खेकसली आणि निघून गेली. थोड्या वेळानं परत आली. "तिच्यापाशी परत यायला एखादं तरी कारण हवं होतं हो." आम्ही काय कारण नव्हतो का, असं मनात आलं, पण ज्या पोरीनं कधी काही पुरं केलं नाही तिचं काय सांगावं.

मग ते दातांच्या डॉक्टरांचं कातडं. त्यांच्या दवाखान्यातल्या सोफ्यासाठी मी एक अख्खं कातडं मागवलं होतं, सायीच्या रंगाचं, एक ओरखडा नसलेलं. मी फोम आणायला बाहेर गेलो होतो. परत आलो तर गिऱ्हाईक कोणी नाही आणि आतून मशीनचा आवाज. बघतो तर हिनं ते कातडं फरशीवर पसरलेलं, स्वतः गुडघ्यांवर बसलेली, आणि माणसाच्या उंचीएवढी रायफल काढत होती.

"अगं! डॉक्टरांचं कातडं!"

"डॉक्टरांना सांगा, बायकोला वेड लागलंय." मान वर न करता म्हणाली. "आज मी बंदूक बंदुकीसारखी काढणार. वेल नाही, पान नाही. घाण, जड, तेलकट. जो बघेल त्याला ओकारी आली पाहिजे."

मी फोम खाली ठेवून बघत उभा राहिलो. तिनं ओरखडे काढले, गंज काढला, दस्त्यावर चीर काढली, नळीवरून ओघळणारं तेल काढलं. आणि मला दिसत होतं, तिलाही दिसत होतं. ओघळ असा काही नाजूक वळला होता की नजर हटेना. गंजाचे ठिपके पानांसारखे पसरले होते. पट्ट्यानं नळीला विळखा घातला, तो वेलीसारखाच. तिनं मशीन बंद केलं आणि हात माझ्यापुढे धरला, एखाद्या वांड पोराला शिक्षकापुढे उभं करावं तसा.

"बघा. ऐकत नाही," म्हणाली आणि रडायला लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला असं रडताना मी पाहिलं नव्हतं. मीही तिथेच कातड्यावर बसलो. डॉक्टरांना मी दुसरं कातडं आणून दिलं. हे गुंडाळून फळीवर ठेवलंय, अजून कोणी उघडलेलं नाही.

भिंगरी सुट्टीवर आली ती न सांगता, भर दुपारी. केस बारीक कापलेले, गालफडं वर आलेली, आणि चालणं असं की कुणीतरी मागे लागलंय. आईनं मिठी मारली तेव्हा तिनं डावा हात बाजूला घेतला. आईच्या ते लगेच लक्षात आलं. चहा अर्धा प्यायली, पाव अर्धा खाल्ला, खोलीत फिरली, भिंतीवरच्या चामड्याच्या तुकड्यांपुढे थोडी थांबली. ट्रक गेला तशी दचकली. आई नुसती तिच्या बाहीकडे बघत होती.

"दाखव," आई म्हणाली.

भिंगरीनं बाही वर केली. मला आधी वाटलं ड्रिल मशीन आहे. मग कळलं, बंदूक. रेषा जाड-बारीक, निळ्याकाळ्या, कातडी जागोजागी वर आलेली. भोवतीची वेल म्हणजे काटेरी तारच. आणि तिच्यावरची सगळी पानं गच्च भरलेली, एकूण एक.

आईनं चष्मा लावला. हातमोजे घातले आणि दंड उजेडाकडे वळवला.

"कुणी काढलं?"

"माझ्या गाडीवरच्या मेकॅनिकनं. शिवायच्या सुईनं आणि पेनातल्या शाईनं."

"सगळी पानं भरली त्यानं."

"मी सांगितलं होतं, एक सोड. पण काढता काढता मला झोप लागली. इतकी दमले होते. त्याला वाटलं, आपल्याकडूनच राहून गेलं. उठले तर हा खूश. म्हणे, बघ, तुझं एक तरी काम पुरं झालं."

मला हसू आलं. पोरगी हसली नाही.

"कुठे असतो तो?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. "तो नाही आता, बाबा. माझ्या शेजारच्या सीटवर होता."

बाहेर न्हाव्याचा रेडिओ चालू होता.

मग भिंगरी म्हणाली, "आई, एवढं नीट करून देतेस? तुझ्यासारखं."

आई त्या चित्रावरून बोट फिरवत होती. "नाही. ह्याला मी हात लावणार नाही."

माझा पाराच चढला. "अगं, परत नाही? एवढं होऊनही नाही?"

"तुम्ही जरा थांबा." तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बंदूक अशीच असते. ह्या पोरानं ती खरी काढलीय. मला जन्मात जमली नाही. मी त्याच्यावर फुलं चढवणार नाही."

भिंगरीचा चेहरा उतरला. बाही खाली ओढत ती हळूच म्हणाली, "मला बंदूक नकोच होती गं. तेव्हाही नको होती. पान हवं होतं. नुसतं पान दे म्हटलं असतं तर तू मला वेड्यात काढलं असतंस."

आई एकदम थबकली. ज्या बाईला जेवतानाही दोन घास एका जागी बसवत नाही, ती किती तरी वेळ स्टुलावर तशीच बसून राहिली.

"त्या पानात काही नसतं, कळलं?" शेवटी म्हणाली. "ते कुणाला वाचवत नाही. ती भिंत बघ. सगळ्यांना सोडलं होतं."

"माहितीये."

"तरी हवंय?"

"तरी हवंय."

"बाही वर घे."

त्या वेड्यावाकड्या वेलीच्या टोकाशी, कोऱ्या कातडीवर, तिनं एक देठ काढला आणि देठाला एक पान. नुसती बाह्यरेषा. त्यात शिरा नाहीत, वळण नाही, काही नाही. ट्रंकेवरसुद्धा तिनं एवढं साधं पान कधी काढलं नसेल. हिरव्या शाईची बाटली शेजारीच होती, तिला हात लावला नाही. दंड पुसला, पट्टी बांधली आणि मग उठून नळाशी गेली. नळ घट्ट होता तरी आणखी घट्ट करत उभी राहिली.

सुट्टी बघता बघता संपली. ट्रक गल्लीत येऊन थांबला, भोंगा वाजला. भिंगरीनं बॅग उचलली. टेबलावर अर्धा चहा होताच. आईनं तिचा दंड बाहीवरूनच एकदा दाबला आणि लगेच सोडला. मला पुष्कळ काही बोलायचं होतं, दोन दिवस मनात जुळवत होतो. पण ती ट्रकच्या पायरीवर चढली तेव्हा त्यातलं काही आठवेना. आयुष्यभर ज्या पानाची मी टिंगल केली तेवढंच तोंडावर आलं.

"पान राहिलंय," मी ओरडलो. "आयुष्यात एक काम तरी पुरं कर."

तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. इंजिनचा आवाज फार होता, पण मला अगदी स्वच्छ ऐकू आलं.

"करते ना नंतर!"

त्या 'नंतर'वर मी आजवर इतका चिडलो आहे. हल्ली मी आणि बायको, दोघंही त्या एका शब्दावर दिवस ढकलतोय. मी खिळे ठोकतो, ती ह्या खोलीतून त्या खोलीत जाते. आणि रोज सकाळी ती हिरव्या शाईची बाटली हलवून बघते, शाई सुकली तर नाही ना म्हणून.